सा कुठल्या भोकावर राहतो?

चाळीसगावात फाइफ येण्याचं तसं काही कारण नाही. लग्नसराईत इथं बँड वाजतो, पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसात बासऱ्या विकायला येतात, भजनी मंडळाकडे पेटी असते, आणि एवढ्यावर तालुक्याचं बरं चाललेलं असतं. पण हल्ली कुरिअरवाल्याला काहीच वर्ज्य राहिलेलं नाही. त्यामुळे बऱ्यापैकी बासरी वाजवणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या दारात हातभर लांबीचीही नसलेली, सहा भोकांची एक आडवी नळी येऊन पडू शकते. युरोपातल्या पायदळात ढोलाच्या जोडीनं वाजणारी, आणि कंपनी सरकारच्या देशी पलटणींतही जिच्यासाठी वेगळे वाजवणारे नेमलेले असत, ती ही फाइफ. फुंकायचं भोक एक, बोटांची सहा, म्हणजे वरवर पाहता आपल्या बासरीची धाकटी बहीणच. गृहस्थ ती ओठाला लावतात, वरची तीन भोकं झाकून झोकात सा लावतात, आणि शेजारचा पेटीवाला भाता थांबवून त्यांच्याकडे बघतो. यानंतर जे निदान होतं ते खानदेशात एकमतानं होतं : बासरीच खराब शे.

हे निदान मला मान्य नाही. बासरीवर अन्याय होतो म्हणून नव्हे, पुरावा त्याच्या बाजूनं नाही म्हणून. हिंदुस्थानी बासरीवर वरची तीन भोकं झाकली की सा. तिथून एकेक बोट उचलत गेलं की रे, मग ग, आणि सहाही भोकं मोकळी सोडली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यम हवा असेल तर पहिलं भोक अर्धं झाकायचं. उलट दिशेनं चौथं बोट ठेवलं की नी, पाचवं ठेवलं की ध, सहाही ठेवली की खालचा प. फाइफवर मात्र सहाही भोकं झाकल्यावर जो स्वर निघतो तोच तिकडच्यांचा पहिला, म्हणजे त्यांचा सा तिथं. आपण जिथं तीन बोटांवर सा मांडतो तिथं त्यांचा मध्यम बसलेला असतो. आणि दक्षिणेकडे कर्नाटक वेणूवर सा दोन बोटांतच उरकतात. तीन परंपरांत सा तीन ठिकाणी. पण वरची सहा भोकं झाकून एकेक उघडत गेलं, तर तिन्हीकडे चढण्याच्या पायऱ्या त्याच : पूर्ण, पूर्ण, अर्धी, पूर्ण, पूर्ण, पूर्ण. म्हणून आपल्या गृहस्थांनी नेहमीच्याच बोटांनी फाइफवर भूप वाजवला तर भूपच येतो, त्याचा मारवा होत नाही. नळीत काही बिघडलेलं नसतं. बिघडलेलं काही असेल तर ते सा या स्वराला कायमचा पत्ता असतो ही आपली समजूत.

मग अडतं कुठं? गृहस्थ एकटे असेपर्यंत कुठंच नाही. भांडणाला दुसरा माणूस लागतो, आणि संगीतात तो बहुतेक वेळा पेटीवाला असतो. फाइफच्या पाकिटावर बी फ्लॅट असं छापलेलं असतं, म्हणजे आपली काळी पाच. पेटीवाला विश्वासानं काळी पाचवर सूर धरतो. बासरीवाला सवयीनं तीन भोकं झाकतो आणि त्याचा सा निघतो काळी दोनवर. दोघंही खरे असतात, आणि दोघंही खरे असले की भांडण मिटत नाही. पाकिटानं पट्टी सांगितली ती सहा बोटांची, आणि गृहस्थांच्या हाताला ठाऊक आहे ती तीन बोटांची. परप्रांतातून बासरी मागवतानाही हाच घोळ होतो. उत्तरेकडची पट्टी तीन बोटांवर मोजलेली, दक्षिणेकडची दोन बोटांवर. पांढरी एक म्हणून दोन्हीकडून मागवा, दोन वेगळ्या लांबीच्या नळ्या येतील, आणि परत पाठवायचं कारण म्हणून दोन्हींच्या अर्जात ‘सदोष माल’ असंच लिहिलं जाईल.

हा हिशेब समजून घ्यायला चाळीसगावकरांनी युरोपात जायची गरज नाही. सातमाळ्याच्या पायथ्याशी, तालुक्यातच, पाटणे आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ स्थापन केला. तसं सांगणारा शके 1128चा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांना बासरी येत होती असा माझा दावा नाही. इतकं मोजणाऱ्या माणसाला वाजवायला वेळ कधी मिळणार? पण ‘लीलावती’त त्यांनी एक गणित घातलं आहे. राजासाठी बांधलेल्या महालाला आठ झरोके आहेत, त्यांतला एक उघडा, दोन उघडे, तीन उघडे असं करत गेलं तर एकूण प्रकार किती? उत्तर 255. त्याला जोडूनच सहा रसांचं गणित येतं. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू यांची एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशी मिश्रणं करत गेलं तर चवी किती? 63. सहा रसांच्या जागी सहा भोकं ठेवा आणि बासरीचा अख्खा तक्ता हातात येतो. एक किरकोळ दुरुस्ती मात्र करावी लागते. एकही रस नसलेला पदार्थ आचार्य मोजत नाहीत, आणि पंगतीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण बासरीवर एकही बोट न ठेवणं हासुद्धा एक स्वर आहे, आपला तीव्र मध्यम. तेव्हा 64.

या 64 मांडण्यांपैकी बासरीवाल्याचं घर चालतं ते ओळीनं झाकलेल्या सातांवर. बाकीचं काम तो अर्ध्या झाकलेल्या भोकांवर भागवतो. उरलेल्या 57 मांडण्यांशी त्याची आयुष्यभर तोंडओळखही होत नाही. फाइफवर त्यांतल्या काही अचानक कामाला लागतात. ज्या शुद्ध मध्यमासाठी आपण पहिलं भोक हलकेच अर्धं झाकतो, त्याच स्वरासाठी फाइफवाला पहिलं भोक सताड उघडं टाकतो आणि त्याच्या खालची दोन झाकतो. वरचं उघडं आणि खालची बंद हे आपल्या बोटांना अगदी अशिष्ट वाटतं, पण त्यामागे कारण आहे. फाइफची भोकं लहान असतात. लहान भोकातून नळीतली हवा पुरती मोकळी होत नाही, म्हणून त्याच्या खाली काय झाकलं आहे याचा स्वरावर परिणाम होतो आणि तो उतरतो. बासरीची भोकं मोठी. तिथं एकदा भोक उघडलं की खाली काय चाललंय याची वरच्या स्वराला फारशी फिकीर नसते, म्हणून अर्ध्या भोकाची कसरत करावी लागते. म्हणजे बोटांची ही रीत कुण्या साहेबाच्या लहरीतून आलेली नसून भोकाच्या व्यासातून आलेली आहे. व्यासाशी वाद घालून उपयोग नसतो.

आणि बासऱ्या पूर्वी एकसारख्या होत्या, हल्लीच्या कारागिरांनी घोटाळा केला, असंही म्हणता येत नाही. पाटण्याहून चाळीसगावला परत न येता औट्रम घाटानं वर चढलं की कन्नडमार्गे देवगिरीची वाट लागते. ज्या सिंघण यादवाचा चांगदेव हा मुख्य ज्योतिषी होता, त्याच राजाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचा हुद्दा हिशेबखात्यातला, आणि ‘संगीतरत्नाकर’ वाचताना ते लपत नाही. बासऱ्यांची प्रतवारी तो गोडव्यावरून करत नाही. फुंकायच्या भोकापासून बोटांच्या पहिल्या भोकापर्यंत किती अंगुळं, यावरून करतो. एक अंगुळ असेल तर एकवीर, दोन असतील तर उमापती, तीन त्रिपुरुष, चार चतुर्मुख, पाच पंचवक्त्र, सहा षण्मुख, आणि यादी तिथं थांबत नाही. तेराव्या शतकातच एका हिशेबनिसाला बासऱ्यांसाठी इतकी खाती उघडावी लागली, तर आज कुरिअरनं आलेली नळी आपल्या बोटांना अनोळखी निघाली यात आश्चर्य ते काय? मला विचाराल तर, शार्ङ्गदेवानं यादी दिली पण एकवीरावर शिकलेल्या माणसाला षण्मुख हातात दिल्यावर तो काय बोलला हे लिहून ठेवलं नाही, एवढीच त्या ग्रंथातली उणीव.

माझं म्हणणं असं, की अनोळखी बासरीवर माणूस अडतो तो अज्ञानामुळे नव्हे, आधी शिकलेलं विसरता येत नाही म्हणून. बोटांना स्वर कळत नाही, अंतर कळतं. मैफलीत चालणारी पांढरी तीनची बासरी सुमारे अडीच फुटांची असते, आणि पन्नालाल घोषांनी खर्जाच्या ओढीनं जी मोठी बासरी रूढ केली ती 32 इंचांची. तिच्यावर बोटांची टोकं पुरत नाहीत, पेरांनी भोकं झाकावी लागतात, पंजा फाकवावा लागतो. त्यावर दहा वर्षं काढलेला हात फाइफवर आला की पसरलेलाच राहतो आणि भोकांच्या मधल्या मोकळ्या लाकडावर मोठ्या आत्मविश्वासानं बोटं ठेवतो. डोक्याला नवी रीत पाच मिनिटांत समजते. बोटांना ती समजलेली नसते, आणि त्यांना ती समजावून सांगण्याची सोय नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. ती जन्मभर चालवलेला शेतकरी नव्या गाडीवर बसला तर मोकळ्या रस्त्यावर उत्तम चालवतो. म्हैस आडवी आली की मात्र त्याचा डावा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो. आलापीत सगळेच मोकळ्या रस्त्यावर असतात. द्रुत तान आली की बोटं जुन्या गावाला निघून जातात.

जाणकार यावर म्हणतील की हे उलटं आहे : ज्याला एक वाद्य येतं त्याला दुसरं लवकर येतं. यात तथ्य आहे, पण ते फुंकेपुरतं. ओठाचा कोन, श्वासाची लांबी, सूर कानाला लागणं, हे भांडवल नव्या नळीवरही चालतं. बोटांचं भांडवल मात्र बंद पडलेल्या नोटांसारखं मोजायला भरपूर आणि चालायला शून्य. पुरावा लग्नाच्या वरातीत सापडतो. बँडमधला क्लॅरिनेटवाला घ्या. त्याच्या हाताखालून निघालं नाही असं सिनेमाचं गाणं नाही. त्याच्या हातात बासरी द्या. खालच्या सप्तकात तो चाचपडत का होईना वाट काढील, पण वर गेला की गोंधळेल. बासरी दोन्हीकडून उघडी, म्हणून जोरानं फुंकल्यावर त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो : सा चा सा. क्लॅरिनेट पत्तीच्या टोकाला बंद, त्यामुळे तिथं उडी सप्तकाच्याही पुढे पाच स्वरांची पडते आणि सा च्या बोटांवर वर प निघतो. त्यामुळे वरच्या सप्तकासाठी त्यानं बोटांची एक स्वतंत्र भाषा कमावलेली असते, आणि बासरीवर ती कुणालाच कळत नाही. उलट ज्यानं कधी काहीच वाजवलेलं नाही तो तक्त्यावरची काळी-पांढरी वर्तुळं बघून बोटं ठेवत जातो. त्याचा सूर हलतो, श्वास पुरत नाही, नळीतून वारा जास्त आणि नाद कमी निघतो. पण बोटं बरोबर जागी असतात. त्याचं सगळंच सारखं वाईट असल्यामुळे त्याला स्वतःविषयी गैरसमज नसतो, आणि शिकणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं.

दुसरा आक्षेप सुधारकांचा : मग सगळ्या बासऱ्यांची बोटं एकदाची सारखी, सोपी करून टाका ना. हा प्रयोग जर्मनीत झालेला आहे. रेकॉर्डर ही तिकडची उभी बासरी. तिचा चौथा स्वर काढायला मधलं एक भोक उघडं ठेवून खालची झाकावी लागतात. 1920च्या दशकात पीटर हार्लान यांनी भोकांची मापं बदलून हा स्वर सरळ केला. ओळीनं बोटं उचलत जा, स्वर ओळीनं येतील. शाळेतली पोरं खूश, मास्तर त्याहून खूश. पण चौथा स्वर सरळ झाला आणि त्याच्या शेजारचा तीव्र स्वर बेसूर झाला. एका बोटाची सोय दुसऱ्या स्वराच्या खात्यातून वळती करून घेतलेली होती. साध्या सुरावटीपलीकडे गेलेल्या विद्यार्थ्याला पुढे जुन्या रीतीची रेकॉर्डर घेऊन बोटं नव्यानं शिकावी लागत, म्हणजे सोपं करण्याची किंमत त्यानं दोनदा शिकून मोजली. म्युनिकच्या थिओबाल्ड बोहम यांनी नेमकं उलट केलं. 1832मध्ये आणि मग 1847मध्ये त्यांनी बासरी नव्यानं बांधली. भोकं बोटं पोहोचतात तिथं न ठेवता नाद मागतो तिथं पाडली, हवी तेवढी मोठी केली, आणि तिथवर पोहोचायला चाव्यांची यंत्रणा बसवली. सूर सुधारला, पण वाजवणाऱ्यांना बोटं नव्यानं शिकावी लागली. अनेकांनी साफ नकार दिला. 1867मध्ये लंडनच्या रिचर्ड कार्ट यांना नव्या यंत्रणेत जुनी बोटं शक्य तितकी जपणारी तडजोडीची बासरी काढावी लागली. आयर्लंडच्या लोकसंगीतात तर जुन्या घाटाची लाकडी बासरी अजून वाजते आणि कुणाचं काही अडत नाही. बोहम यांना ध्वनिशास्त्राचं कोडं सुटलं. वाजवणाऱ्यांच्या बोटांपुढे त्यांचंही पुरतं चाललं नाही.

आपण मात्र या प्रश्नातून युरोपीयांपेक्षा हुशारीनं सुटलो. आपण बोटांना हातच लावला नाही. पेटीवाल्याला दर गायकामागे पट्टी बदलावी लागते, आणि पट्टी बदलली की बोटांचा नकाशा बदलतो. त्यावर आपण स्केलचेंजर पेटी काढली, तीत बोटं होती तिथंच राहतात आणि पट्ट्यांची अख्खी ओळ सरकते. माणसानं बदलायचं की लाकडानं, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं. बासरीवाल्याचा तोडगा त्याहूनही सोपा आणि जरा खर्चिक. काळी दोनला एक, पांढरी तीनला एक, असा तो बासऱ्यांचा भाराच बाळगतो. गायकाची पट्टी बदलली की नळी बदलायची, सा तीनच बोटांवर. लोकांना वाटतं ही बुवांच्या व्यासंगाची पिशवी आहे. तिचा खरा अर्थ, बुवांच्या बोटांना घराबाहेर पडायची सवय नाही. ज्याच्याकडे पिशवी आहे त्यानं तो आळस खुशाल करावा, मीही केला असता. पण मग कुरिअरनं आलेल्या सातव्या नळीला खराब म्हणायचा अधिकार त्याला उरत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर बिकट आहे. उरुसात बासऱ्या विकणारा माणूस. काठीला बासऱ्यांचं झाड बांधलेलं, आणि तो त्यातून हात जाईल ती उपसतो, ओठाला लावतो आणि गाणं सुरू करतो. बासरी लांब असो की आखूड, त्याला ओळख करून घ्यावी लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतला बासरीचा मोठा उद्योग आहे आणि तिथला बांबू येतो आसामातून. एका बांबूचा पोकळ भाग दुसऱ्यासारखा नसतो, कडेची जाडी सारखी नसते, तापल्या सळईनं पाडलेलं भोक मागच्या भोकासारखं येईलच असं नाही. म्हणजे त्या काठीवर शंभर बासऱ्या असतील तर शंभर अनोळखी माणसं आहेत. मग त्याची बोटं का अडखळत नाहीत? उत्तर त्याच्या गाण्यात आहे. तो निवडतो ती गाणी पाच-सहा स्वरांत फिरतात, त्याला पट्टी जुळवून घ्यायला शेजारी पेटीवाला नसतो, आणि मुख्य म्हणजे सा कुठं असला पाहिजे याविषयी त्याचा काही आग्रह नसतो. नळी जिथं सा देईल तिथून तो निघतो. एखादं भोक किंचित चढं असेल तर त्या स्वरावर तो थांबत नाही, मुरकी घेऊन पुढे सटकतो. बुवा बासरीला आपल्या बोटांकडे बोलावतात, हा बोटांना बासरीकडे पाठवतो. संगीताच्या परीक्षेत याला गुण नाहीत, पण अनोळखी फाइफ हातात आली तर चाळीसगावात ती सगळ्यात आधी यालाच वाजेल. गिऱ्हाईक हे सगळं ऐकत उभं असतं, आणि त्याला खात्री असते की करामत त्या नळीची आहे. म्हणून ते बाकीच्या शंभर सोडून म्हणतं, “भाऊ, ही नको, तुम्ही वाजवताय ना, तीच द्या.” तो ती पुसून देतो, पैसे खिशात टाकतो, काठीवरून दुसरी उपसतो आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथून पुढे वाजवायला लागतो.